एका खिशात कांदा

यंदा पांढरा कांदा बरा निघाला. विहिरीजवळच्या वाफ्यातला, घरापुरताच. माझ्या पोरानं, मंगेशनं, तो ओसरीत पसरून ठेवलाय. दुपारच्या झळा सुरू झाल्या की त्याच्या वाळल्या पातीचा गोडसर, मातकट वास उठतो आणि पंखा त्या वासाला इकडून तिकडे ढकलत बसतो. हा वास आला की समजायचं, ऊन तापलं. आमच्या राळेगावकडचं ऊन इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका बसतो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि बाहेर निघणाऱ्याला घरातली बाई मागून एकच विचारते, "कांदा घेतला काय खिशात?"

कांदा जवळ असला की लू लागत नाही म्हणतात. खरं की खोटं, मी काही तपासायला गेले नाही. मी या घरात आले तेव्हा सासूबाई विचारायच्या, त्या गेल्यावर मी विचारू लागले. आमच्या ह्यांच्या सदऱ्याला दोन खिसे. डाव्या खिशात कांदा, उजव्या खिशात खर्रा. कपडे धुवायला काढले की मी आधी दोन्ही खिसे झटकायची. एकातून कांद्याचं फोलपट निघायचं, दुसऱ्यातून सुपारीचा चुरा. सुपारी, तंबाखू, चुना असं प्लास्टिकच्या पन्नीवर घोटघोट घोटायचं आणि रबर लावून पुडी बांधायची, तो खर्रा. गावात पिठाची गिरणी एक आहे, पण ठेले किती ते विचारू नका. माणूस तो गालात धरतो आणि दिवसभर धरून राहतो.

उन्हानं मात्र ह्यांना कधी काही केलं नाही. भर वैशाखात वखरणी करून आले तरी डोकं दुखलं म्हणून पडले नाहीत. डाव्या खिशानं त्यांना जन्मभर राखलं. उजव्यानं नेलं.

तर कांदा निघाला, आणि काल मी फळीवरून ते मडकं खाली काढलं.

मडकं म्हणजे स्लो कुकर. माझी लेक वैशाली नागपूरला असते, तिनं ह्यांच्या दुखण्याच्या उन्हाळ्यात आणून दिला होता. बाहेरून पत्र्याचा, आत चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. चूल नाही, गॅस नाही, तार भिंतीत लावायची. मी पहिल्या दिवशी त्याला "विजेचं मडकं" म्हटलं आणि तेच नाव पडलं. हाताला आच लागत नाही इतकं ते धिमं शिजवतं. सकाळी टाकलं की दुपार कलल्यावर होतं. मी तर आधी हसलेच होते.

"अवं वैशू, एवढ्या वेळात तर मी तेरवीचा सैपाक करीन."

"आई, यात काहीच करा लागत नाई. टाकलं का विसरून जायचं."

"मंग मी दिवसभर करू काय?"

"बाबाजवळ बस," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पिशवी आवरू लागली.

तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचं जेवण, हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला होता. बोलून गेल्यावर तो परत गिळता येत नाही.

आता हे मडकं काढायचं खरं कारण सांगते. आमची सून पूजा उन्हाळ्याचं माहेरी गेली आहे, लेकराला घेऊन. सैपाक पुन्हा माझ्याकडे आला. पोरगी गुणाची आहे, पण हाताला चव म्हणाल तर फिकी. वांग्याच्या भाजीला मिरची दाखवून परत नेते की काय असं वाटतं. मी तिला ऐकू जाईल असं म्हणायची, आताच्या पोरींना तिखटाचं काय कळतं, वऱ्हाडात दिली तरी हिचा हात वऱ्हाडी होत नाही. ती गेली आणि मी मोकळ्या हातानं दोन दिवस सैपाक केला. पण मंगेश पानावर पहिल्यासारखा बसेना. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला. म्हटलं, उन्हामुळे जेवण जात नसेल. पोटाला थंडावा मिळेल असं काही करावं, म्हणून कांदा आठवला. आणि कांदा आठवला की मग तो सगळा उन्हाळाच आठवतो, तुकड्यातुकड्यानं आठवायची सोय नाही.

त्याची सुरुवात तिखटापासून झाली होती. हे एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "आज मिरची लई टाकली वाट्टे तू."

"रोजच्याच हातानं टाकली."

"मंग मिरचीच बदलली असन."

मिरची आमच्याच शेतातली, बदलायची कुठून? पण मी हात आवरला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा हात आवरला. ह्यांचे दोस्त देवराव, शेजारच्या धुऱ्याचे, म्हणजे शेताला शेत लागून असलेले, एकदा आमच्याकडे जेवायला होते. भाजीचा घास घेऊन म्हणाले, "वयनी, घरची मिरची सपली काय? नाई म्हंजे, मी पाठवून देतो." आणि माझे मालक त्याच भाजीनं डोळ्यांत पाणी आणून बसलेले. एका पानावर फिकी, दुसऱ्या पानावर जहाल, आणि भाजी एकाच कढईतली. तेव्हाच कोणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडायला पाहिजे होता. कोणाच्या म्हणजे, सगळ्यांच्या. पण आमच्याकडे काय आहे, बाईच्या हाताला बोल लावला की प्रश्न सुटतो. ह्यांचं तोंड दुखतं, तर मी तिखट टाकते. ह्यांना घास मोठा जात नाही, तर मी भाकरी जाड थापते. गालाला आतून पांढरे चट्टे पडले, तर मी पोटाला गरम पडेल असं काहीतरी खाऊ घातलं. सगळं घरात शोधून झालं. उजवा खिसा कोणी शोधला नाही, कारण तसाच खिसा सगळ्यांना होता.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं काही यंत्र लावलं नाही आधी. ते म्हणाले, "काका, आ करा. आता स्वतःची तीन बोटं अशी उभी धरा आणि तोंडात घाला." ह्यांनी घातली. एकच गेलं. ह्यांनी पुन्हा घातलं, जरा जोर करून, जसं काही पहिल्यांदा चुकलं असावं. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या." चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात म्हणे. मी जन्मात कधी मोजलं नव्हतं. कांद्याची फोड तोंडात टाकताना कोण मोजतं?

परत येताना एसटीत मंगेशनं खिडकीकडे तोंड करून गुपचूप आपली बोटं घालून पाहिली. मग माझ्याकडे वळला, चेहरा कसा फुललेला.

"जाऊन राह्यली आई, तिन्ही! पाय, पाय!"

परीक्षेत पास झाल्यासारखा. मला त्याचं हसू आलं, आणि खरं सांगते, हायसंही वाटलं. मी त्याच्याकडून तिथेच गाडीत खर्रा सोडायची आन घेतली. त्यानं पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या बापाकडे पाहून म्हटलं, "बाबाच्या गळ्याची आन, आजपासून बंद." त्याच्या बाबाचं दुखणं त्या वेळी गळ्यापर्यंतच आलं होतं, हे आम्हाला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

आपरेशन झालं. अर्धा जबडा काढून टाकला. मी त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच लिहिते, की आधी आरसा मी काढून ठेवला आणि नंतर त्यांनी तो शोधून परत खिळ्याला लावला. नळीनं पोटात जाणं संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता तोंडानं पातळ द्या, पण अंगी लागेल असं द्या, यांचं वजन टिकलं पाहिजे, पुढचे रेडिएशनचे शेक सहन व्हायला अंगात जोर लागेल. झालं, तेव्हापासून माझं सगळं आयुष्य एका वाटीत आलं. वाटी रिकामी झाली की दिवस चांगला. वाटी भरलेली परत आली की दिवस वाईट.

वरणाचं पाणी दिलं, सरकवलं. मुगाचं कढण दिलं, सरकवलं. भाताची पेज. ज्वारीची आंबील. शब्द फुटायचे नाहीत धड, पण एवढं कळायचं, "बिमाराचं पानी नोको देऊ मले."

हा माणूस कसा जेवायचा ते मी सांगायला पाहिजे. बांधावर बसून, मांडीवर भाकरी, आणि कांदा दगडावर ठेवून एक बुक्की. कांद्याला सुरी लावलेली त्यांना चालायची नाही. "सुरी लावली का कांदा मेला," म्हणायचे. बुक्कीनं फुटलेल्या कांद्याचं पाणी हातावर उडायचं, ते मिठात बोट बुडवून चाटायचे. अशा माणसाला पेज!

म्हणून वैशालीनं ते मडकं आणलं, आणि मोबाईलमधून कुठल्या परदेशाचं कांद्याचं सूप शोधून काढलं. त्यात वरून पावाचा तुकडा आणि चीज टाकायचं होतं. आमच्याकडे चीज कुठलं? मी आपलं माझं केलं. टोपलीभर पांढरा कांदा उभा चिरला, मडक्यात टाकला. वर साजूक तूप, मीठ. झाकण. बस. मग त्याच्याकडे पाहायचंही नाही. मध्येच कधीतरी तो पाणी सोडतो, गळतो, पिवळा होतो, आणि दुपारपर्यंत गुळासारखा लाल, लिबलिबीत. मग त्यात तुरीच्या वरणाचं दाट पाणी, भाजलेलं ज्वारीचं पीठ कालवून, पुन्हा झाकण. कांदा इतका गळतो की जिभेनं दाबला तरी विरतो. चावायला दात लागत नाहीत, जबडा लागत नाही.

पण पहिल्याच दिवशी लाईन गेली. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. मडकं अर्ध्यात थंड पडायला लागलं. मी तशीच उठले, जुनी गोधडी आणली आणि मडक्याला चारी बाजूंनी गुंडाळली. हे खाटेवरून पाहत होते. म्हणाले, तोंडाच्या एका बाजूनं, "बाळंतीन निजवली काय?"

आपरेशननंतरचा त्यांचा पहिला विनोद. मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

लाईन आली, आणि थोड्या वेळानं त्या कांद्याचा वास सुटला. मी खूप कांदा भाजला आहे, तळला आहे, फोडणीत टाकला आहे. पण धिम्या आचेवर स्वतःच्याच पाण्यात शिजणाऱ्या कांद्याचा वास निराळा. तो नाकात घुसत नाही, घरात येऊन बसतो, पाहुण्यासारखा. हे खाटेवर कुशीवर होते, ते वळले.

"काय शिजून राह्यलं?"

किती दिवसांनी त्यांनी हे विचारलं होतं. मी म्हटलं, "कांदा."

"कायच्यात?"

"कायच्यातच नाई. नुसता कांदा."

"नुसता कांदा कोनी शिजवते काय, येडी!" मग जरा थांबून, "बुक्कीनं फोडला का?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी वाटी रिकामी आली. दुसऱ्या दिवशीही आली. चैत्र गेला, वैशाख लागला, आणि आमचं घर रोज दुपारी कांद्याच्या वासानं भरून जाऊ लागलं. लोक म्हणायचे, ह्या बाईला झालं काय, दिवसभर कांदाच शिजवते. म्हणू दे. ह्यांच्या गळ्याजवळची हाडं जरा झाकली जाऊ लागली होती. वैशालीला फोनवर मी वजन सांगायची, जसं कोणी नातवाचं सांगतं.

आणि मग एक दिवस देवराव आले.

माणूस वाईट नाही, आजही म्हणते. खाटेजवळ बसले, कपाशीच्या बियाण्याचं बोलले, पाण्याचं बोलले. बोलता बोलता खिशातून पुडी काढली, रबर मनगटावर चढवलं, पन्नी तळहातावर घोटली. हे सगळं आपोआप. आमच्याकडे खर्रा एकट्यानं खायची पद्धत नाही. पुडी उघडली की आधी शेजारच्यापुढे धरायची, स्वतः मग घ्यायची. न विचारता खाणारा माणूस हलका समजतात. देवरावांचा हात तसाच पुढे आला.

"घे गा."

आणि ह्यांचाही हात तसाच पुढे आला. चिमूट घेतली. अर्धा जबडा नाही, टाके अजून लाल, आणि बोटांत चिमूट. मी दारात वाटी घेऊन उभी.

मग दोघांनाही कळलं. देवरावांचा चेहरा उतरला. "सवय हाय वो वयनी, हात आपोआपच गेला."

"देवराव, तुमी घरी जा."

"नाई, म्हंजे मी..."

"घरी जा म्हनते ना! आला माणुसकी दाखवाले!"

ते चपला हातात घेऊनच गेले. मी ह्यांच्यापुढे तळवा धरला, लेकराच्या तोंडातलं माती-खडू काढायला धरतात तसा. "द्या इकडे." त्यांनी मूठ मिटली.

"अजी, द्या म्हनते."

"खात नाई. वासच घेतो."

ती मूठ त्यांनी सगळी दुपार नाकाशी धरून ठेवली. घरभर माझ्या कांद्याचा वास, आणि ह्यांच्या नाकाशी ती मूठ. त्या दिवशी वाटी भरलेली परत आली. मी ती गाईपुढे नेली, पण गाय कांदा खाईना.

माझा राग कोणावर होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. ह्यांच्यावर नव्हता. देवरावांवर होता, पण पुरता नाही. एवढं समजलं, की धिमी आच फक्त मडक्यालाच असते असं नाही. माझा कांदा एका दिवसात गळतो. त्यांचं तोंड तरणेपणापासून शिजत होतं, झाकण लावून, कोणाला वास न येता. मी एका उन्हाळ्याची आच घेऊन तिच्याशी भांडायला निघाले होते.

मृगाच्या आधीच ते गेले. दुखणं दुसऱ्या बाजूला सरकलं होतं.

तेरवीला मांडव भरला. मी आत बायांमध्ये. पाण्याला म्हणून उठले तर मांडवाच्या दाराशी ताट दिसलं, स्टीलचं, त्यात सुपारी, बडीशेप आणि नीट रचलेल्या पुड्या, प्रत्येकीला रबर. आणि ताट घेऊन माणसामाणसापुढे वाकणारा कोण, तर मंगेश. मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर पांढरा दुपट्टा.

मी त्याला बाजूला ओढलं. "कोनाची तेरवी हाय रे ही?"

"आई, लोकं काय म्हनतीन? जेवन झाल्यावर मागतातच."

"अन् तुही गाडीतली आन?"

"मी कुठी खाऊन राह्यलो? वाटून राह्यलो."

तो बोलला तेव्हा त्याचा डावा गाल फुगलेला होता. मांडवात सगळे गाल तसेच. जेवणारे म्हणत होते, माणूस सोन्यासारखा होता, काय दुखणं लागलं कोण जाणे, नशीब. थुंकायला उठत होते आणि येऊन पुन्हा नशीब म्हणत होते.

त्यानंतर मी भांडले नाही असं नाही. पुड्या नालीत टाकल्या, दोन दिवस अबोला धरला, पूजालाही पुढे घालून पाहिलं. तो "सोडतो न आई" म्हणतो, इतक्या गोड आवाजात की तेवढा दिवस जातो. खिशात कांदा मात्र ठेवत नाही. मोबाईलला वास लागतो म्हणतो. म्हणजे दोन खिशांतला राखणारा होता तो गेला, आणि दुसरा राहिला.

आज सकाळी कांदा चिरला. मडक्यात टाकला, तूप, मीठ. लाईन आज गेली नाही. दुपारी झाकण उघडलं तर तोच लाल रंग, तोच वास येऊन बसला. खाटेकडे नजर गेली, खाट भिंतीला उभी लावलेली.

मंगेश वावरातून आला, हातपाय धुऊन बसला.

"हे काय, बाबाचं जेवन काढलं काय तू?"

"कांदा बरा निघाला म्हनून केलं. खाऊन पाय, पोटाले थंड असते."

त्यानं फुंकर घातली, चमचा तोंडात नेला. गिळला. मग चमचा वाटीत ठेवून दिला आणि हळूच गालाला हात लावला.

"चव बरी हाय. पन तिखट झालं, आई."

मी म्हटलं, "काय झालं?"

"तिखट. मिरे-गिरे टाकले वाट्टे तू."

मी वाटीत पाहिलं. कांदा, तूप, मीठ, वरणाचं पाणी, ज्वारीचं पीठ. मिरची नाही, मिरे नाहीत, फोडणीसुद्धा नाही. ओसरीतल्या पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. पूजा भाजी फिकी कधीपासून करते? माहेराहून तशी आली होती, की इथे येऊन झाली? सणाच्या दिवशी पहिल्या वर्षी तिच्या हातची भाजी खाऊन मीच पाणी मागितलं होतं. हे मी कसं विसरले? पोरगी माझे टोमणे ऐकत राहिली आणि एकेक मिरची कमी करत गेली, जशी मी गेले होते.

मंगेशनं वाटी सरकवली. ती सरकवायची तऱ्हा मला पाठ आहे. मग त्यानं उजव्या खिशातून पुडी काढली आणि रबर मनगटावर चढवलं.

"ठेव थे खाली. इकडे ये, उजेडात."

"काहून?"

"आ कर."

"मी काय लहान लेकरू हाओ काय?" तो हसला, ओठ मिटूनच. किती दिवसांपासून हा असा ओठ मिटून हसतो?

"आ कर म्हनते ना, बापू."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यानं पुडी खाली ठेवली. दाराशी आला. आ केला. सकाळपासून कांदा चिरलेली माझी तीन बोटं मी एकाला एक लावून उभी धरली आणि त्याच्या तोंडात घातली. दोन आत गेली. तिसरं त्याच्या ओठापाशी अडलं.

मी ते मागे घेतलं नाही.